पडलेला आरसा आणि त्यामागचं बटण: एक प्रकरण अभ्यास

गाडीतला आतला आरसा काचेवरून निखळला की लोक पहिल्यांदा विचारतात, "कुठला गोंद लावू?" माझ्या मते या प्रश्नाची पाळी बरीच नंतर येते. आधी बघायचं ते हे, की गोंद नेमका कुठून सुटला. काचेवरून सुटला, बटणावरून सुटला, की दोन्हीकडे चिकटून राहून मधूनच फाटला? याचं उत्तर काचेवर आणि बटणावर स्पष्ट उमटलेलं असतं, पण साफसफाई करण्याआधीच ते वाचून घ्यावं लागतं. एकदा ब्लेड फिरलं की पुरावा गेला. पुढचं प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की त्यात पुरावा जवळजवळ पूर्ण शाबूत मिळाला आणि पुढचं सगळं काम त्यावरूनच ठरलं.

गाडी माझ्या ताईची. छोटी हॅचबॅक, बरीच वापरलेली, पण निगा उत्तम. गाडी दोघं चालवतात, ताई आणि तिचा मुलगा. मुलगा तिच्यापेक्षा चांगलाच उंच. आरसा पहिल्यांदा पडला तेव्हा गाडी भर उन्हात उभी होती आणि आत कुणीही नव्हतं. घरी झटपट चिकटणारा गोंद होता, त्यानंच आरसा चिकटवला. काही आठवडे टिकला आणि भाच्यानं फिरवायला हात लावताच हातात आला. मग एका गॅरेजमध्ये दोन ट्यूब एकत्र करून लावायचा एपॉक्सी भरून बसवून घेतला. तो जास्त काळ टिकला, पण खडबडीत रस्त्यावर एके दिवशी तोही सुटून खाली आला. ताईचा फोन आला तेव्हा ती वैतागलेली होती.

"आता काच बदलायला सांगतायत. खरंच बदलावी लागेल का रे?"

"काच बदलायची घाई करू नकोस. आणि ताई, ते बटण पुसू नकोस, खरवडू नकोस. आहे तसं डबीत ठेव. काचेवरही कापड फिरवू नकोस."

तिनं ते अक्षरशः पाळलं, म्हणून हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं.

आरसा लटकतो कशावर

ज्यांनी कधी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात रचना सांगतो. आरसा थेट काचेला चिकटवलेला नसतो. काचेला चिकटवलेलं असतं ते धातूचं एक छोटं बटण, साधारण अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं. त्याच्या बाजू उतरत्या असतात. आरशाच्या दांड्याच्या टोकाला तशीच खाच असते. ती खाच बटणावर वरून खाली सरकवायची आणि बारीक स्क्रूनं पक्की करायची. बऱ्याच गाड्यांत हा स्क्रू टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेचा) किंवा ऍलन (षटकोनी खाचेचा) डोक्याचा असतो. काही गाड्यांत स्क्रूऐवजी स्प्रिंगची पकड असते, काहींत दांडा फिरवून काढायचा असतो. म्हणून आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे बघितल्याशिवाय ओढाताण करू नये. ओढून काढताना काच तडकल्याची उदाहरणं आहेत.

पुढची काच थरांची असते. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, तोच पीव्हीबी. प्रत्येक काच साधारण २ मिमी आणि मधला थर बहुधा ०.७६ मिमी. बटण आतल्या काचेवर बसतं. म्हणजे ज्या काचेवर आपण जोर लावणार ती जेमतेम २ मिमीची आहे, हे सगळं काम करताना डोक्यात असावं.

कारखान्यात हे बटण कसं लावतात तेही कळून घेण्यासारखं आहे. तिथे बटण आणि काच यांच्यामध्ये चिकट प्लास्टिकचा पातळ तुकडा ठेवून ते उष्णता आणि दाब देऊन बसवायची पद्धत रुळलेली आहे. ती पकड घरी ट्यूबमधून काढता येत नाही. पण तिची गरजही नसते. आरसा टिकवण्यापुरती पकड घरीही मिळते, फक्त पृष्ठभाग त्या लायकीचा करावा लागतो.

पुरावा

बटण हातात घेतलं. काचेकडच्या बाजूवर गोंदाची जाड, पिवळसर साय. नखानं दाबली तरी खळगा पडत नव्हता, म्हणजे एपॉक्सी नीट घट्ट झाला होता. दोन ट्यूबांचं प्रमाण चुकलं असतं तर तो मऊ किंवा चिकट राहिला असता. ती साय बटणाला इतकी पक्की धरून होती की कडेनं ब्लेड घातलं तरी उचलेना. आणि काचेकडचा तिचा चेहरा आरशासारखा गुळगुळीत.

बटण खिडकीच्या प्रकाशात तिरपं धरल्यावर एका कोपऱ्यात बारीक समांतर वळणं दिसली. तो अंगठ्याचा ठसा होता. बटण लावण्याआधी कुणाचा तरी अंगठा काचेवर टेकला होता, त्वचेच्या तेलाची रेघ न् रेघ तिथे राहिली होती आणि एपॉक्सीनं तिचा साचा घेतला होता. ठशाची इतकी हुबेहूब नक्कल उतरते याचा अर्थ त्या जागी गोंद काचेला लागलाच नव्हता, तो तेलावर बसून घट्ट झाला होता.

काचेवर पाहिलं तर जिथे बटण होतं तिथे गोंदाचा मागमूस नाही. स्वच्छ, चकचकीत चौकोन. त्याच्याभोवती मात्र पांढुरकी धुक्यासारखी कड. ती आधीच्या झटपट गोंदाची. हा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. सुकताना त्याची वाफ आजूबाजूला बसून असा पांढरा थर देते. खालच्या एका कोपऱ्यात रबरासारखा पारदर्शक तुकडाही चिकटून होता, तो कारखान्यातल्या मूळ चिकट थराचा उरलेला अंश. म्हणजे झटपट गोंद या तुकड्याच्या वरूनच लावला गेला होता, आणि एपॉक्सी हा तुकडा आणि पांढरा थर दोन्ही न काढता.

शेवटची खूण पाण्यानं दिली. बटणाच्या जागेच्या बाजूला बोटानं पाण्याचा थेंब लावला. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, सलग पातळ थर धरतं. इथे थेंब गोळा होऊन बसला आणि ओघळून गेला. मी ताईला विचारलं, "डॅशबोर्डला काय लावतेस?" तिनं चमक आणणारा स्प्रे दाखवला. असे स्प्रे बहुधा सिलिकॉन तेलाचे असतात. डॅशबोर्डवर मारताना त्यांचे तुषार काचेपर्यंत जातात. शिवाय उन्हात तापलेल्या प्लास्टिकमधून निघणारी वाफही काचेच्या आतल्या बाजूवर साचत राहते. रात्री समोरच्या दिव्यांत काचेवर जो धूसरपणा दिसतो त्यात तिचा वाटा मोठा असतो. सिलिकॉनवर गोंद नीट धरत नाही.

सगळ्यात आधी बघायची एक गोष्ट मी इथे मुद्दाम शेवटी सांगतो, कारण या गाडीत तिचं उत्तर सुदैवानं चांगलं आलं. बटणाबरोबर काचेचा टवका निघाला आहे का? बटणाच्या पाठीवर शिंपल्यासारखा वक्र काचेचा तुकडा चिकटलेला दिसला, किंवा काचेवर बोट फिरवताना खळगा लागला, तर तिथे गोंद लावायचा नाही. तिथून तडा धावू शकतो आणि मग काच बदलणंच योग्य. आतल्या थरात तडा आहे का तेही भिंग घेऊन बघावं. इथे काच अखंड होती.

तो मुळात सुटला कशामुळे

घाणेरड्या काचेमुळे नंतरचे दोन्ही प्रयत्न फसले हे उघड झालं. पण कारखान्यातली पकड? ती तर स्वच्छ काचेवर बसवलेली होती.

सगळे जण आरशाच्या वजनाला दोष देतात. आकडे मांडले की तो दोष टिकत नाही. साधा आरसा पाव किलोच्या आसपास धरू. बटणाची चिकटणारी बाजू २५ मिमी उंच आणि २० मिमी रुंद असेल तर क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ५० ग्रॅम. एवढं वजन कुठलाही बरा गोंद जन्मभर पेलेल.

आता आरसा हातानं फिरवताना काय होतं ते बघा. बटणापासून ८ सेंटिमीटरवर आरशाची चौकट धरून वरखाली ३ किलोचा जोर लावला, तर ती तरफ होते आणि बटणाची एक कड काचेवरून उचलायला बघते. त्या कडेवर येणारा ताण साधारण दर चौरस सेंटिमीटरला साडेअकरा किलो भरतो. वजनाच्या ताणापेक्षा दोनशे पटींहून जास्त. आणि गोंदाला सगळ्यात कमी काय मानवतं, तर कडेनं उचकटणं.

मी आरशाचा सांधा हलवून पाहिला. आरशाच्या पाठीमागे गोळी आणि वाटीचा जो सांधा असतो तो इतका घट्ट झाला होता की एका हातानं आरसा हलतच नव्हता. गाडी दोघं चालवणार, दोघांच्या डोळ्यांची उंची वेगळी, म्हणजे प्रत्येक चालक बदलताना तो ताकद लावून फिरवला जाणार. ताईला विचारलं तर म्हणाली, "तो नेहमीच दोन हातांनी वळवावा लागतो." दोन हातांनी, पण दोन्ही हात चौकटीवर. सगळा जोर जातो बटणावर.

त्यात उष्णतेची भर. हे बटण जस्ताच्या मिश्रधातूचं होतं. चुंबक धरेना आणि सुरीनं ओरखडलं की मऊ करडी रेघ उमटे. दर अंश सेल्सिअसला जस्त काचेच्या साधारण तिप्पट प्रसरण पावतं. थंड पहाटेपासून उन्हात उभ्या गाडीच्या काचेपर्यंत ६० अंशांचा फरक धरला, तर २५ मिमीचं बटण काचेपेक्षा सुमारे ०.०२७ मिमी जास्त वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण गोंदाचा थर एकदशांश मिमीचा असेल तर त्या थराला हे ताणणं रोज सहन करावं लागतं, आणि तेही बटणाच्या कडांवर, जिथे हाताचा जोरही येतो. साध्या पोलादाच्या बटणात हा फरक जस्ताच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास राहतो. उन्हात उभ्या गाडीत, कुणी हात न लावता आरसा पडला याचं कोडं इथे सुटतं. आधी वर्षानुवर्षं हातांनी कड सैल केली, मग उन्हानं उरलेलं काम केलं.

माझं निदान म्हणून तीन गोष्टींचं: घट्ट सांधा आणि चौकटीवरचा जोर हे मूळ, काचेवरचं सिलिकॉन आणि जुने थर हे पुन्हा पुन्हा पडण्याचं कारण, आणि गोंदाची निवड ही फक्त तिसरी.

गोंद कोणता

झटपट गोंद मी या कामासाठी नाकारतो. काचेवर तो फार लवकर धरतो म्हणून विश्वास बसतो, पण सुकल्यावर ठिसूळ असतो. दमट हवा, ऊन आणि धक्के यांपुढे काचेवर तो टिकत नाही. एपॉक्सीचा मला एवढा राग नाही. स्वच्छ काचेवर चांगला एपॉक्सी टिकू शकतो. पण तो सुकायला वेळ घेतो, तोवर बटण खाली घसरतं, आणि लोक तो जाड थरात भरतात.

जाड थराबद्दल एक समज मी बऱ्याचदा ऐकतो: काच वक्र असते, बटण सपाट, म्हणून पोकळी भरायला भरपूर गोंद हवा. वक्रतेची त्रिज्या ३ मीटर धरली तर २५ मिमी लांबीच्या बटणाखाली जास्तीत जास्त पोकळी निघते सुमारे ०.०२६ मिमी. कागदापेक्षाही कमी. भरण्यासारखं तिथे काही नाही.

यासाठीच बनवलेले आरशाचे किट मिळतात आणि मी तेच वापरलं. त्यात दोन गोष्टी असतात: एका कुपीत पातळ अ‍ॅक्टिव्हेटर आणि एका छोट्या ट्यूबमध्ये अ‍ॅक्रिलिक गोंद. हे गोंद हवा तुटल्यावर आणि धातूच्या संपर्कात घट्ट होणाऱ्या जातीचे असतात. एका बाजूला धातू असला तरी दुसरीकडे काच, आणि काचेत तो धातूचा अंश मिळत नाही. ती उणीव अ‍ॅक्टिव्हेटर भरून काढतो. म्हणून अ‍ॅक्टिव्हेटर न लावता नुसता गोंद लावणाऱ्यांचा आरसा पडतो. आणि म्हणूनच थेंबाऐवजी ढीग लावणाऱ्यांचाही पडतो: जाड थराच्या मधल्या भागापर्यंत अ‍ॅक्टिव्हेटर पोचत नाही, तो ओलाच राहतो. सूचना मात्र ज्या त्या पाकिटावरच्याच पाळाव्यात. काहींत अ‍ॅक्टिव्हेटर दोन्ही पृष्ठभागांवर लावायचा असतो, काहींत एकावर.

काम

सकाळी लवकर, सावलीत, काच साधारण कोमट असताना काम घेतलं. कडक उन्हात अ‍ॅक्टिव्हेटर लावता लावताच उडून जातो; फार थंडीत गोंद नीट धरत नाही. थंडी असेल तर काच हेअर ड्रायरनं हळूहळू, दुरून उबदार करावी. एकाच ठिकाणी ज्वाला किंवा हीट गन धरू नये, काच तडकते.

पहिलं पाऊल जागेच्या खुणेचं, आणि ही खूण काचेच्या बाहेरून करायची. आत तर सगळं खरवडायचं आहे. बाहेर मास्किंग टेपच्या पट्ट्यांनी बटणाच्या चारही कडा आखल्या. या गाडीत जुना चौकोन दिसत होता म्हणून सोपं गेलं. पण जुन्या जागेवरही मी डोळे मिटून भरवसा ठेवला नाही, कारण मधले दोन प्रयत्न थोडे सरकलेले असण्याची शक्यता होती. बटण दांड्यात बसवलं, आरसा जागेवर धरला आणि ताईला सांगितलं, "आता ऊन अडवायच्या दोन्हीकडच्या झडपा, ते सन व्हायजर, खाली घे, बाजूलाही वळव." उजवीकडची झडप आरशाच्या कडेला घासून गेली. आरसा बोटभर वर घेतल्यावर ती मोकळी फिरली. वर किती घ्यायचा यालाही मर्यादा आहे, दांडा छताच्या कापडाला टेकता कामा नये. मग ताई आणि भाचा दोघांना आळीपाळीनं सीटवर बसवून मागची काच पूर्ण दिसते का ते पाहिलं. टेपची चौकट त्याप्रमाणे सरकवली. मला वाटतं, या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, कारण गोंद घट्ट झाल्यावर बोटभर चूक आयुष्यभर डोळ्यांत खुपते.

डॅशबोर्डवर जुनी चादर अंथरली. एका धारेचं नवं ब्लेड, साबणाच्या पाण्यानं ओली केलेली काच, ब्लेड अगदी आडवं. रबरासारखा जुना तुकडा कुरळं होत निघाला. पांढरा थर जास्त हट्टी होता. त्यासाठी कापडाच्या टोकावर थेंबभर अ‍ॅसिटोन घेतलं. अ‍ॅसिटोन प्लास्टिक आणि सनफिल्म दोन्ही खातं, म्हणून डब्यातून थेट काचेवर कधीच ओतू नये. काचेवर आतून फिल्म असेल तर बटणाच्या मापाएवढी फिल्म कापून काढावी; फिल्मवर बसवलेलं बटण फिल्मच्या ताकदीएवढंच टिकतं. बटण काचेच्या कडेच्या काळ्या पट्ट्यावर येत असेल तर तो पट्टा काचेत भाजलेला मुलामा असतो, ब्लेडच्या टोकानं त्याला ओरखडू नये. काचेला सँडपेपर मात्र कुठेच लावायचा नाही.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. काच पुसायचा नेहमीचा स्प्रे इथे उपयोगाचा नाही, त्यात साबण आणि सुगंध असतात आणि त्यांचा थर मागे राहतो. अल्कोहोल घेतलं तरी एकच कापड पुन्हा पुन्हा फिरवलं तर सिलिकॉन फक्त इकडून तिकडे सरकतं. दर वेळी कापडाची नवी घडी, एकाच दिशेनं, आणि चौकटीपेक्षा बरंच बाहेरपर्यंत. प्रत्येक फेरीनंतर पाण्याचा थेंब. थेंब जोवर गोळा होत होता तोवर पुसणं चालू ठेवलं. ज्या फेरीला पाणी सलग पसरलं तिथे थांबलो, शेवटचं अल्कोहोल फिरवलं आणि त्यानंतर काचेला कुणाचाही हात लागू दिला नाही.

बटणावरची साय कानस आणि १८० नंबरच्या सँडपेपरनं काढली, धातू उघडा झाला. तोही अल्कोहोलनं पुसला आणि कडेनं धरला. बटणाची दिशा पुन्हा एकदा तपासली: उतरत्या बाजू आत, सपाट बाजू काचेकडे, अरुंद टोक वर, म्हणजे दांडा वरून सरकून घट्ट बसेल. उलटं लागलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

अ‍ॅक्टिव्हेटर लावला, पाकिटावर सांगितल्याइतका सुकू दिला. बटणाच्या मधोमध गोंदाचा एक थेंब. बटण टेपच्या चौकटीत नेऊन सरळ दाबलं आणि अंगठा हलवला नाही. सुरुवातीच्या मिनिटात बटण "थोडं सरळ करू" म्हणून सरकवायचा मोह होतो; तेव्हाच पकड तुटते. मिनिटभरानं अंगठा सोडला, वरून टेपची एक पट्टी लावली, एवढंच.

पाकिटावर पंधरा मिनिटांनी आरसा चढवता येईल असं लिहिलेलं असतं. मी रात्रभर थांबायला लावलं. ताईला गाडी संध्याकाळी हवी होती, तर तिला सांगितलं, "आज बाहेरच्या आरशांवर चालव, पण जपून. त्यांतल्या फुगीर आरशांत मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. आतला सपाट असतो, अंतर खरं दाखवतो." काचेवर गरम किंवा गार हवेचा झोतही त्या दिवशी लावू नको, असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी दांडा वरून सरकवला आणि स्क्रू घट्ट केला, पण जेमतेम. हा स्क्रू जास्त आवळला तर त्याचा जोर बटणावर आणि काचेवर जातो. आरसा हलत नाही, खडखडत नाही, एवढं झालं की थांबायचं.

नंतर

चिकटवून प्रकरण संपलं नव्हतं, कारण मूळ कारण तसंच होतं. सांध्याला तेल घालायचा प्रश्नच नाही. तेल ओघळून काचेवर जातं आणि आरसा खड्ड्यातल्या प्रत्येक धक्क्याला खाली पडायला लागतो. ताई आणि भाचा दोघांना एकच गोष्ट करून दाखवली: एका हातानं बटणाजवळचा दांडा धरायचा, दुसऱ्या हातानं आरसा फिरवायचा. मग जोर दोन हातांमध्ये राहतो, काचेपर्यंत जात नाही. आरशाला लटकवलेली माळही उतरवली. तिचं वजन नगण्य, पण गाडी चालताना ती सतत झोके घेते आणि नजरेच्या आडही येते. डॅशबोर्डचा स्प्रे आता कापडावर मारून मग पुसला जातो.

पुढचा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा आरसा जागेवर राहिला. तो टिकलाय का, हे बघायला हलवून पाहायची गरज नसते. काचेबाहेर उभं राहून बटणाची पाठ बघायची. गोंद नीट धरलेला असतो तिथे रंग सलग, गडद दिसतो. जिथे सुटतो तिथे हवा शिरते आणि चंदेरी चट्टा दिसतो. या बटणाच्या खालच्या कडेला अर्धचंद्रासारखी बारीक चंदेरी रेघ पहिल्या दिवसापासून आहे, तिथपर्यंत थेंब पोचला नव्हता. मी तिच्या टोकांवर बाहेरून मार्करनं खुणा केल्या होत्या. रेघ त्या खुणांच्या पुढे गेलेली नाही. ती वाढायला लागली तर आरसा पडायच्या आधीच बटण काढून पुन्हा बसवणार, असं ताईशी ठरलं आहे.

ही पद्धत साध्या आरशाच्या गाडीपुरती आहे. आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर तिथली बैठक आणि काच जुळवूनच दिलेली असते; कॅमेरा किंचित सरकला तरी रस्त्याच्या रेषा आणि पुढच्या गाडीचं अंतर तो चुकीचं वाचू शकतो आणि त्याला पुन्हा जुळवावं लागतं. पावसाच्या सेन्सरचा चिकट जेलही निखळल्यावर तसाच परत दाबून चालत नाही. आपोआप काळवंडणाऱ्या आरशाला वायर असते; तो पडला तर वायरवर लोंबकळत ठेवू नये, आधी जोडणी सोडवून आरसा सुरक्षित ठेवावा आणि मग बटणाकडे वळावं. त्याचं वजनही साध्यापेक्षा जास्त, म्हणून त्याला मी रात्रभराऐवजी पूर्ण एक दिवस देतो.